बुटुकची पपई आणि ठिपक्यांची पाटी

या, बसा. मांडी घाला. अंगठा तोंडातून बाहेर! तोंड लागणार आहे आपल्याला, कुरकुर म्हणायला.

एक होता बुलबुल. एवढुस्सा. त्याचं नाव बुटुक. डोक्यावर काळा तुरा. मागे बूड लाल लाल. हसू नका. बुलबुलाचं बूड लालच असतं.

बुटुकच्या पंखाला होती पट्टी. त्याला उडता येईना. मग तो चालायचा. कसा? टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

बुटुक राहायचा पाखरमायेत. पाखरमाया म्हणजे दुखऱ्या पाखरांचं घर. तिथे होता एक लंगडा कावळा. एक साळुंकी, एका डोळ्याची. आणि घुबडाचं पिल्लू, सदा झोपलेलं.

पाखरांना सांभाळायची तीन माणसं. सकाळी हौसाताई. दुपारी रेहानाताई. संध्याकाळी धोंडूकाका. पट्ट्या बांधायची. दाणे भरवायची. शीसुद्धा पुसायची! पगार किती? काहीच नाही. पगार कुणी मागतच नाही. आहेत की नाही मोठ्या मनाची माणसं? पण तिघं एकत्र कधीच नसत. एक आलं, की दुसरं जायचं. पाखरांना एकटं कोण टाकणार?

बुटुकला रोज मिळायची पपईची फोड. गोड गोड, केशरी केशरी. एक दिवस पाहतो तर काय, वाटी रिकामी!

हौसाताई म्हणाली, "आज फोड नाही रे राजा. डब्यात पैसेच नाहीत." तिने त्याच्या तुऱ्यावरून बोट फिरवलं. तिला फार वाईट वाटलं. मग दुपार झाली, नि ती गेली आपल्या शिवणकामाला.

कावळ्याला अर्धीच भाकरी. साळुंकीला थोडेच दाणे. आणि बुटुकचं पोट करू लागलं कुरकुर कुरकुर.

दाराशी होता पत्र्याचा डबा. बुटुक गेला डब्याकडे. टुपुक टुपुक.

"डब्या डब्या, पपई दे."

डबा म्हणाला, "कुठून देऊ? पूर्वी लोक नाणं टाकायचे. खण्ण! मी वाजायचो. आता लोक येतात. खिसे चाचपतात. म्हणतात, सुटे नाहीत, पाटी आहे का? ती ठिपक्यांची पाटी रे, दुकानात असते ती. फोन दाखवला, की टिंग! पाटी आली, तर पपई मिळेल."

दाराखाली होती फट. बुटुक फटीतून सटकला. टुपुक टुपुक निघाला. बँकेत आला. भिंतीवर होती पाटी. ठिपकेच ठिपके!

"पाटी पाटी, चल ना गं. पाटी येईना, म्हणून पपई मिळेना. पोट करतंय कुरकुर कुरकुर!"

पाटी म्हणाली, "बँकताईने दिलं, तर मी येईन."

बँकताई बसली होती शिक्के मारत. धप्प धप्प, धप्प धप्प.

"बँकताई बँकताई, पाटी दे ना गं. बँकताई देईना, म्हणून पाटी येईना. पाटी येईना, म्हणून पपई मिळेना. पोट करतंय कुरकुर कुरकुर!"

बँकताईने चष्मा वर केला. "पाखरमाया तिघांची. तिघांनी यायचं. एकदम यायचं. तिघांनी सही केली, तर मी पाटी देईन."

बुटुक निघाला. टुपुक टुपुक. हौसाताई घरी शिवत होती झबलं. मशीन करत होतं खडखड खडखड.

"हौसाताई हौसाताई, सहीला चल. हौसाताई येईना, म्हणून बँकताई देईना. बँकताई देईना, म्हणून पाटी येईना. पाटी येईना, म्हणून पपई मिळेना. पोट करतंय कुरकुर कुरकुर!"

"अगं बाई! बुटुक, तू चालत आलास?" हौसाताईने त्याला पाणी पाजलं. "येते की. पण एकटी जाऊन काय उपयोग? काका आले, तर मी येईन."

बुटुक निघाला. टुपुक टुपुक. पाय दुखले. तरी टुपुक टुपुक. धोंडूकाका भरत होते सायकलीत हवा. फुस्स फुस्स, फुस्स फुस्स.

"काका काका, सहीला चला. काका येईनात, म्हणून हौसाताई येईना. हौसाताई येईना, म्हणून बँकताई देईना. बँकताई देईना, म्हणून पाटी येईना. पाटी येईना, म्हणून पपई मिळेना. पोट करतंय कुरकुर कुरकुर!"

"वा रे पठ्ठ्या!" काका म्हणाले. "मी तयारच आहे. पण रेहाना आली, तर मी येईन."

रेहानाताई कुठे होती? दुपार झाली ना? मग सांगा पाहू! बरोबर, पाखरमायेत! बुटुक उलटा फिरला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. फटीतून आत आला.

रेहानाताई भरवत होती घुबडाच्या पिल्लाला. आ कर, गट्टम! आ कर, गट्टम!

"रेहानाताई रेहानाताई, सहीला चल. रेहानाताई येईना, म्हणून काका येईनात. काका येईनात, म्हणून हौसाताई येईना. हौसाताई येईना, म्हणून बँकताई देईना. बँकताई देईना, म्हणून पाटी येईना. पाटी येईना, म्हणून पपई मिळेना. पोट करतंय कुरकुर कुरकुर!"

रेहानाताई म्हणाली, "आत्ता येते रे! पण या पाखरांना कोण बघणार? इथे कुणी बसलं, तर मी येईन."

कोण बसणार? बुटुकने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणी नाही! मग त्याने तुरा ताठ केला.

"मी बसतो."

"तू? एवढुस्सा?"

"एवढुस्सा तर एवढुस्सा. माझा आवाज केवढा आहे!"

रेहानाताई हसली. तिने त्याचा पापा घेतला. कडी लावली, नि ती पळाली.

बुटुक बसला फटीसमोर. सगळं गप्प गप्प.

आणि आला बोका! दबक दबक, दबक दबक. फटीतून आला एक पंजा. मग आली एक मिशी. बुटुक मागे सरकला. टुपुक. पळावं का? छे! पाखरांना एकटं कोण टाकणार?

बुटुक ओरडला, "चीं चीं चीं!"

कावळा ओरडला, "काव काव काव!"

साळुंकी ओरडली, "क्रीक क्रीक क्रीक!"

घुबडाच्या पिल्लाने एक डोळा उघडला. "चिर्रर्र!"

बोका म्हणाला, "अयाई गं!" आणि ठोकली धूम.

आता काय झालं? बुटुक बसला, म्हणून रेहानाताई आली. रेहानाताई आली, म्हणून काका आले. काका आले, म्हणून हौसाताई आली. तिघांनी केल्या सह्या. सर्र! सर्र! सर्र! हौसाताई आली, म्हणून बँकताईने दिली. बँकताईने दिली, म्हणून पाटी आली. ठिपक्याठिपक्यांची, पाखरमायेच्या नावाची!

काकांनी पाटी ठोकली दारावर. ठक ठक ठक. आली एक आई. कडेवर बाळ. तिने फोन दाखवला.

टिंग!

आले एक आजोबा. टिंग! आल्या शाळेतल्या बाई. टिंग! ज्याला जमेल तेवढं त्याने दिलं.

पाटी आली, म्हणून पपई मिळाली. कावळ्याला अख्खी भाकरी. साळुंकीला पोटभर दाणे. आणि बुटुकला केवढी मोठी फोड! गोड गोड, केशरी केशरी. बुटुकची चोच केशरी. गाल केशरी. पट्टीसुद्धा केशरी! पोटाची कुरकुर? गेली पळून, बोक्याच्या मागे.

डबा मात्र रुसला. "आता मला कोण विचारतो?"

हौसाताई म्हणाली, "वेडाच आहेस." तिने डब्यात बाजरी ओतली. काठोकाठ. डबा हलवला. खुळखुळ, खुळखुळ! डबा पुन्हा वाजायला लागला.

आता पाखरमायेत कोण असतं? सकाळी हौसाताई. दुपारी रेहानाताई. संध्याकाळी धोंडूकाका. आणि तिघं एकदम बाहेर गेली, तर?

तर बुटुक!

पपई गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात. आता तुम्ही सांगा.