होडीबाहेर काही बदलायचं नाही

खाडीच्या काठी एका गावात तुळसो नावाचा एक भोळा होडीवाला राहायचा. पर्यटकांना होडीत बसवायचं, खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दाखवायचे आणि परत आणायचं, हे त्याचं काम. माणूस भारी आज्ञाधारक. इतका, की त्याला काही सांगायचं म्हणजे घरच्यांना धडकी भरायची.

यंदा घरात लग्न होतं. तुळसोच्या धाकट्या बहिणीचं, शेवंतीचं. नवरा खाडीपलीकडचा. वऱ्हाड आणायचं ते तुळसोच्याच होडीतून, असं ठरलं. पण होडीचं इंजिन भर पाण्यात तापून बंद पडायचं. शेवंतीच्या जिवाला घोर लागला. मुहूर्ताला नवराच खाडीत अडकून बसला तर?

तुळसोच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आगुस्तीन मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्रीने इंजिन उघडलं आणि आतला पाणी ओढणारा रबरी पंखा काढून दाखवला. त्याची पाती पार फाटली होती.

"तुटापर्यंत वाट कित्या बघतस रे?" मेस्त्री म्हणाला. "हो चांगलो दिसलो तरी हंगामाच्या आधी बदलूचो. समाजला?"

"समाजला," तुळसो म्हणाला.

तो घरी आला. गोठ्यात म्हैस उभी होती. चांगली दिसत होती. लग्नाचा हंगाम तर तोंडावर आला होता. तुळसोने दावं सोडलं, म्हैस बाजारात नेली आणि बदलून दुसरी आणली. दुसरी भाकड निघाली.

"दादा!" शेवंती ओरडली. "आपली म्हस दूध देत होती ना रे!"

"म्हणानच बदललंय," तुळसो म्हणाला. "बंद पडल्यार बदलून काय उपयोग?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. लग्नाचं दूध शेजाऱ्यांकडे सांगावं लागलं.

थोड्या दिवसांनी मेस्त्री पुन्हा आला. इंजिनाच्या खाली जस्ताची एक वडी बसवलेली असते, ती त्याने दाखवली.

"खारा पाणी आधी हिका खाता आणि इंजिनाक सोडता. म्हणान ही झिजता. अर्धी झिजली काय काढून टाकूची. उगाच ठेवूची नाय."

"समाजला," तुळसो म्हणाला. चांगलं ते बदलायचं नाही, अर्धं झिजलेलं ते काढून टाकायचं. आता चूक होणे नाही.

त्याच दुपारी नवऱ्याकडची मंडळी बोलणी करायला आली. पुढे नवऱ्याचे मामा, दाजीमामा. तोंडाने फटकळ आणि रागाला तयार. मंडळी आत चहा घेत होती, तेव्हा तुळसो ओट्यावर आला. दाराशी चपलांची रांग. त्याने एकेक उचलून टाच तपासली. बहुतेक अर्ध्या झिजलेल्या होत्या. त्याने त्या काढून टाकल्या. कुठे? तर खाडीत. ओहोटी होती, त्यामुळे काम लवकर झालं.

उन्हाने तापलेल्या जांभ्याच्या वाटेवरून मंडळी अनवाणी निघाली. दाजीमामा एका पायावर उभे राहिले आणि गरजले, "लग्नाच्या दिवशी आणखी एक घोटाळो झालो, तर नवरो परत फिरवतलंय! सांगून ठेवतंय!"

शेवंती स्वयंपाकघरात जाऊन रडली. तुळसोलाही फार वाईट वाटलं. बहिणीवर त्याचा जीव होता. आपण सगळं सांगितल्याप्रमाणे करतो, तरी ही का रडते, हे काही त्याला उलगडेना.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेस्त्री शेवटचा हात फिरवायला आला. इंजिनाचा एक प्लग काळा पडला होता. मेस्त्रीने तो काढला, मग बाकीचेही काढले.

"एक गेलो म्हणजे बाकीचे पण जातलेच," तो म्हणाला. "एकट्याक बदलू नये. सगळे एकदम बदलूचे. आणि नवो घेताना जुन्याच्या मापाचो घेवचो."

"समाजला," तुळसो म्हणाला.

हा शब्द ऐकताच आप्पा धावत आले. त्यांनी तुळसोचा हात नारळावर ठेवला. "शपथ घे! मेस्त्रीन सांगलेला फक्त होडयेत करशीत. होडयेच्या भायर काय्येक बदलूचा नाय!"

तुळसोने शपथ घेतली. शेवंतीचा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या सकाळी इंजिन असं चाललं की ऐकत राहावं. वऱ्हाड होडीत बसलं. मध्ये नवरा, मुंडावळ्या बांधून. पुढे दाजीमामा, नवी चप्पल घालून. अर्ध्या खाडीत लाटा जरा उसळल्या आणि दाजीमामा पिवळे पडले. कठड्यावरून वाकून ते भडाभडा ओकले.

तुळसो विचारात पडला. एक गेला. म्हणजे बाकीचेही जाणारच. पण शपथ? शपथ तर होडीबाहेरची होती. दाजीमामा होडीत होते.

वाटेत माडांचं एक छोटं बेट होतं. तुळसोने होडी तिथे लावली. "सगळे उतरा," तो म्हणाला. मामांना जरा बरं वाटावं म्हणून थांबतोय असं वाटून सगळे उतरले. तुळसोने नवऱ्याच्या मुंडावळ्या सोडून घेतल्या. "मापाक लागतत," तो म्हणाला. नवऱ्याला काही कळायच्या आत होडी निघालीसुद्धा.

इकडे मांडवात मुहूर्त जवळ आला होता. भटजी घड्याळ बघत होते. शेवंती हार घेऊन उभी होती. होडी दिसली तशी वाजंत्री सुरू झाली, आणि आप्पा हात जोडून धक्क्यावर धावले.

होडीतून रंगीबेरंगी टोप्या घातलेली माणसं उतरली. गळ्यात कॅमेरे, हातात वेफर्सची पाकिटं. मधोमध एक गोल चेहऱ्याचे गृहस्थ होते. अर्धी चड्डी, काळा चष्मा, कपाळावर मुंडावळ्या. बाजूला त्यांची बायको विचारत होती, "अहो, डॉल्फिन कुठे आहेत?"

आप्पांनी तुळसोचा दंड धरला. "हे... हे कोण रे, तुळसो?"

"नवे," तुळसो अभिमानाने म्हणाला. "मामा खराब झाले. म्हणान सगळोच सेट बदललंय."

"आणि नवरो?"

"तो पण. वीस जणांच्या डोक्यार लावून बघितलंय, आप्पा. मुंडावळ्यो फक्त ह्यांकाच बरोबर बसल्यो. मगे बायकोसकट आणूक लागले."