पंचेचाळिसावं नाव

“पण त्यानं नक्की करायचं काय असतं?” वस्तादांनी विचारलं.

“थांबायचं.”

“नुसतं थांबायचं?”

“हो. रेषेबाहेर. डोक्यावर टोपी, कानाला यंत्र, हातात डावांचा कागद. पहिला गडी पडला की लगेच मैदानात जायचं. तोवर थांबायचं.”

“आन् पहिला पडलाच न्हाई तर?”

“तर वर्षभर थांबायचं. दोन वर्षं. तीन वर्षं...”

वस्ताद हातानं मातीची ढेकळं फोडत राहिले.

बजाबा वस्ताद आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. वय ब्याऐंशी. गुडघे गेलेत, पण आखाड्याची माती अजून दुसऱ्या कुणाला मळू देत नाहीत. माझं सायकलचं दुकान तालमीसमोरच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी कट्ट्यावर येऊन बसतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

समोर बसला होता सयाजी धायगुडे. वस्तादांचाच जुना पठ्ठ्या. आई लहानपणीच गेली, तालमीतच वाढला. संख्याशास्त्र शिकायला म्हणून गाव सोडलं, त्याला पंचवीस वर्षं झाली. आता कॅनडात एका फुटबॉल संघासाठी खेळाडू निवडतो, त्यांचा सरावही घेतो. तिकडचा फुटबॉल हातानं खेळतात म्हणे. खेळोत बापडे. मैदानात बारा जण, त्यातला एक क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो, कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो, आणि समोरचे सगळे त्यालाच आडवा करायला धावतात. तो पडला तर त्याच्या जागी जायला दुसरा एक रेषेबाहेर थांबलेला असतो. हे सयाजीनं मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा मी अडाणी असल्यासारखं समजावलं.

“पंचेचाळीस जणांची यादी असते,” सयाजी म्हणाला. “चव्वेचाळीस पक्के केले. बाहेरचे किती, तिथलेच किती, सगळं नियमात बसवलं. माझ्याइतकी चोख यादी तिकडं कुणी करत नाही, वस्ताद. फक्त एक जागा राहिलीय.”

“त्या थांबणाऱ्याची.”

“हो. मालक म्हणाले, येताना नाव घेऊन ये. नाव नसेल तर तूही येऊ नकोस.”

“मिळंना का कुणी?”

“थांबायला तयार असतो त्याला खेळता येत नाही. ज्याला खेळता येतं तो थांबत नाही. दोन महिने रोज व्हिडिओ बघतोय. शेकडो पोरं बघितली. तसा माणूसच नाहीये, वस्ताद. कुठंच नाहीये...”

त्याचा आवाज बसला होता. सकाळी आला तेव्हा बरा होता.

“मागचा होता की कोण तरी,” वस्ताद म्हणाले. “त्याचं काय झालं?”

सयाजीनं हातातला मोबाइल पालथा ठेवला.

“कॉलिन. तीन वर्षं होता.”

“बरा होता?”

“बरा?” सयाजी पहिल्यांदा जरा खुलला. “अहो, त्याच्यासारखा दुसरा नव्हता. आठवडाभर तो सरावात समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक व्हायचा. सामन्यात ज्याच्याशी गाठ असेल त्याच्यासारखा उभा राहायचा, त्याच्यासारखा फेकायचा. आमच्या गड्यांना सवय व्हावी म्हणून. आठ संघ, आठ माणसं, सगळी हुबेहूब. एक जण फेकायच्या आधी डावा खांदा उडवतो, तर हाही उडवायचा. आम्ही हसून बेजार. त्यासाठीच तर मी त्याला ठेवला होता.”

“मग?”

“ऑक्टोबरात पहिल्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. मी कॉलिनला म्हटलं, जा.”

“आन्?”

सयाजीनं पालथा मोबाइल सरळ केला, पुन्हा पालथा केला.

“आन्, सयाजी?”

“त्यानं मला विचारलं... कुणासारखा खेळू?”

वस्तादांचा हात मातीतच थांबला.

“आम्हाला वाटलं गंमत करतोय. बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. तो हसत नव्हता, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.”

“गेला मैदानात?”

“गेला. दोन डाव कसेबसे निघाले. तिसऱ्याला चेंडू हातात आला आणि हा नुसता उभा राहिला. फेकेचना. आमचा गडी समोर मोकळा होता, हात वर करून चेंडू मागत होता. आणि मागून दोघं आले...”

“आता कसा हाय?”

“मानेचा मणका. मानेखाली काही कळत नाही त्याला.”

सयाजीला पाणी द्यावं असं मनात आलं, पण मला उठवेना.

“भेटून आलास?”

“फुलं पाठवली. संघाकडून.”

खरं सांगतो, मला त्याचा राग आला. तीन महिने झाले त्या पोराला अंथरुणात, आणि हा इथं पुढच्याचं नाव शोधत बसलेला. मग त्याचे डोळे बघितले. किती रात्री जागून काढल्या होत्या कोण जाणे. मला धड रागही धरवेना.

“ऊठ,” वस्ताद म्हणाले.

सयाजी उठला.

“त्याची फेक दाखव.”

“कुणाची?”

“कॉलिनची.”

सयाजीनं बूट काढले, आखाड्याच्या कडेला उभा राहिला. चेंडू धरल्यासारखा हात कानामागं नेला. डावा खांदा उडवला आणि हात पुढं टाकला.

“ही न्हाई. ही त्या खांदेवाल्याची.”

सयाजीनं पाय फाकवले, अंग उजवीकडं झुकवलं आणि खालून हात फिरवला.

“ही?”

“ही... दुसऱ्या एका संघातल्याची.”

“मग आता त्याची दाखव. त्याची सवताची.”

सयाजीनं पुन्हा हात कानामागं नेला. डोळे मिटले. हात तिथंच राहिला.

शेजारच्या गिरणीत कुणाचं तरी दळण पडलं. ते दळून झालं, गिरणी बंद झाली. सयाजीचा हात तसाच वर होता.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

त्यानं हात खाली घेतला.

“आठवत नाही असं नाही... मी बघितलीच नाही. तीन वर्षं रोज त्याच्यासमोर उभा होतो, वस्ताद. एकदाही बघितली नाही.”

तो तिथंच मातीत बसला. पंचेचाळिशीचा बाप्या, विमानानं आलेला, पोरासारखा हुंदके देऊन रडला. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटत होतं, ठेवतील.

रडणं ओसरलं तसा सयाजी चिडला.

“हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना?”

“व्हय.”

“प्रत्येक कुस्ती-मैदानाआधी महिनाभर तालमीच्या पहिल्या पैलवानासमोर, हिंदुरावसमोर, मला कोण उभं करायचं? त्याच्या जोडीचा पैलवान ढाकेचा डाव मारणारा असला की मी ढाक मारायची. झोळी बांधणारा असला की मी झोळी बांधायची. मग हिंदुरावनं मला उचलून टाकायचं. पाच वर्षं. गदा त्यानं घेतली, फेटे त्यानं घेतले. मला एका तरी मैदानात सोडलंत?”

“न्हाई सोडलं.”

“मी प्रत्येक जत्रेला कुस्तीची लांग धुवून ठेवायचो. वाटायचं, या खेपेला सोडतील.”

“ठावं हाय मला.”

“तिकडं गेलो तर तिथंही हीच रीत. मला शिकावीच लागली नाही.”

वस्तादांनी मान हलवली. आपल्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सयाजीनं तोंड पुसलं. मोबाइल उचलला, बोटानं काहीतरी वर-खाली केलं.

“तिघं उरलेत. तिघंही चांगले आहेत. एकाचं नाव उद्या कळवायचंच आहे. कुणाचं तरी वाटोळं होणारच आहे, हे आता कळतंय मला. तरी कळवावं लागणार. मी नाही कळवलं तर माझ्या जागी दुसरा येईल आणि तो कळवील.”

“व्हय.”

“मग एवढं तरी सांगा. आम्ही एका वयाची पाच पोरं होतो तालमीत. त्यातून तुम्ही मला कसं निवडलंत?”

त्या पाचांत मीही होतो. मी खाली बघितलं.

“चपळ होतो म्हणून?”

“चपळ पाचीच्या पाची हुती.”

“नक्कल चांगली यायची म्हणून?”

“ती मागनं यायला लागली. करून करून.”

“मार सोसायचो म्हणून?”

“मार समदीच सोसतात.”

“मग काय बघितलंत माझ्यात?”

वस्तादांनी हाताची माती झटकली. सयाजीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुन्हा सयाजीकडं बघितलं आणि नजर तिथंच ठेवली.

“वस्ताद... सांगा.”

“बाकीच्या चौघांच्या आया माझ्या दारात आल्या असत्या.”