सात भोकांचं ड्रिल मशीन

"मशीन जुनं पाहिजे, पण झिजलेलं नको," भुजंगराव थोरबोले बोटांवर मोजत म्हणाले. "विकत घ्यायचं, फुकट आणायचं नाही. पण एक रुपयाही द्यायचा नाही. विकणाऱ्याने ते स्वतः इथे आणून दिलं पाहिजे आणि वर तुझे आभार मानले पाहिजेत. आठ दिवस देतो."

शेवंता पांचाळ हातात पॉलिशपेपर घेऊन तशीच उभी राहिली. थोरबोल्यांच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात ती सहा वर्षं लाकूड घासत होती. आज तिने धीर करून फिटिंगचं काम मागितलं होतं. ड्रिल मशीन शिल्लक नाही, नवं परवडत नाही, असं मालक म्हणाले. "मग मोबाइलवरच्या जाहिरातीतलं जुनं घेऊ या," असं ती बोलून गेली आणि तिथेच बिनसलं.

कारण वर्षभरात मालकांनी अशी तीन मशीनं घेतली होती. पहिलं बटण दाबताच धूर ओकू लागलं. दुसऱ्याच्या आत मोटरच नव्हती. वजनासाठी विटेचा तुकडा कोंबलेला होता. तिसऱ्याचे पैसे आधीच पाठवले, ते अजून यायचंच होतं. कराडच्या निम्म्या बाजाराला ही गोष्ट ठाऊक होती.

"आणलंस तर फिटिंगचं टेबल तुझं," मालक म्हणाले. "नाही आणलंस तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"चालेल, मालक," शेवंता म्हणाली.

रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती जाहिराती वाचू लागली. कंपनीच्या पुस्तकातला फोटो लावलेल्या तिने सोडून दिल्या. एकच माणूस दहा-दहा ग्राइंडर विकत होता, तोही सोडला. इतकी हत्यारं त्याच्याकडे कुठून आली, हे त्यालाच ठाऊक. पाचव्या दिवशी एक जाहिरात दिसली. "ड्रिल मशीन. एकदाच वापरले. आता आमच्या घरात चालणार नाही." फोटोत मशीन पेटीसकट होतं आणि मागच्या भिंतीला नारळाएवढं भगदाड पडलेलं होतं.

शेवंताने फोन लावला. "मशीन का विकताय?" एवढंच विचारलं.

"तुम्ही या, दाखवते," पलीकडून बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती सकाळीच गेली. घर निवृत्त गणित शिक्षक विद्याधर मोकाशी यांचं होतं. जाहिरात त्यांच्या बायकोने, सुधाताईंनी, दिली होती. सरांनी आरसा टांगायला मशीन आणलं आणि पहिल्याच फटक्यात भिंतीतला पाण्याचा पाइप फोडला. तीन दिवस घर गळत होतं. तेव्हापासून आरसा, दोन फळ्या आणि पडद्याची दांडी जमिनीवर पडून होती. एवढ्याशा कामाला कोणी सुतार येत नव्हता आणि सरांना सुधाताई मशीनला हात लावू देत नव्हत्या.

"माझं मोजमाप अचूक होतं," सर कोपऱ्यातून म्हणाले. "पाइप चुकीच्या जागी होता."

शेवंताने मशीन चालवून पाहिलं. आवाज स्वच्छ, टोक पकडणाऱ्या दात्यांना ओरखडा नाही. मग नळ कुठे आहेत ते बघितलं, भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि खडूने पाइपाची रेघ आखली. रेघ सोडून तिने सात भोकं पाडली. दुपारपर्यंत आरसा, फळ्या, दांडी सगळं जागच्या जागी गेलं.

सुधाताई चार महिन्यांत पहिल्यांदाच भिंतीवरच्या आरशात बघत होत्या. "मजुरी काय द्यायची?" त्यांनी विचारलं.

"मजुरी नको. त्याऐवजी मशीन द्या. फक्त सरांनी ते आमच्या कारखान्यात आणून द्यावं."

"आत्ता नेतील," सुधाताई म्हणाल्या. सरांना त्यांनी विचारलं नाही.

तासाभरात मोकाशी सर पेटी घेऊन भुजंगरावांपुढे उभे होते. "या बाईंचे मी मनापासून आभार मानतो," ते म्हणाले. "आजपासून मला घरात पुन्हा चहा मिळणार आहे."

सगळे कामगार गोळा झाले. भुजंगरावांनी मशीन उलटसुलट केलं, उघडून आत डोकावून पाहिलं. विटेचा तुकडा नव्हता. चालवून पाहिलं, धूरही आला नाही. पण हरणं त्यांना माहीत नव्हतं.

"किंमत काय दिलीस?"

"सात भोकं, मालक."

भुजंगरावांचे डोळे चमकले. "अस्सं. भोक म्हणजे काय? जिथे काहीच नाही, त्याला भोक म्हणतात. म्हणजे तू काहीच दिलं नाहीस. फुकट आणलंस. अट मोडली."

शेवंताने भिंतीवरच्या खिळ्याला लावलेलं बिलबुक काढलं आणि वरचंच पान पुढे धरलं. "हे कालचं बिल. 'कडी-कुलपाची भोके पाडणे, बारा नग,' असं तुमच्याच अक्षरात आहे. काहीच नसलेले बारा नग गिऱ्हाईकाला कसे विकले?"

मागे कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. भुजंगराव चुळबुळले, मग एकदम सरसावले. "बरं, भोकाला किंमत आहे. म्हणजे ते पैसेच झाले. रुपया द्यायचा नाही म्हटलं होतं. तरीही अट मोडली."

शेवंताने आपल्या कामाच्या कोटाचा खिसा बाहेर ओढला. खिशाला दोन भोकं होती. त्यांतून तिने दोन बोटं बाहेर काढली.

"भोक म्हणजे पैसे असतील तर माझ्याकडे हे दोन आहेत, मालक. कोपऱ्यावरचा वाणी एवढ्यावर किलोभर साखर देत असेल तर मी हरले."

भुजंगरावांनी त्या दोन बोटांकडे पाहिलं, मग बिलबुकाकडे. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट, आणि मग ते असे हसत सुटले की त्यांना लाकडाच्या ढिगावर बसावं लागलं. डोळे पुसत त्यांनी पेटी शेवंताच्या हातात दिली.

"मशीन तुझं, फिटिंगचं टेबलही तुझं, आणि पगार मिस्त्रीचा," ते म्हणाले. "आणि सर, चहा घेऊन जा. घरी मिळेलच याचा काय भरवसा."