पुसलेला राक्षस

बालनाट्यात राजपुत्र व्हायचे नाटक मंडळीचे मालक भार्गवराव, पण पोरांच्या टाळ्या खायचा राक्षस झालेला बाबल. भार्गवरावांचा नुसता जळफळाट व्हायचा.

नव्या पोस्टरसाठी त्यांनी मंडळीच्या जाहिराती करणाऱ्या केतकीला फर्मावलं, "फोटोतून त्या राक्षसाला उडव. बाकी कशाला हात लावायचा नाही!"

फोटोत मधोमध राक्षस होता. त्याच्या एका बाजूला तलवार उगारलेले राजपुत्र भार्गवराव आणि दुसऱ्या बाजूला भेदरून किंचाळणारी परी. केतकीने कॉम्प्युटरवर राक्षस पुसला आणि पोस्टर पुढे धरलं.

भार्गवराव कडाडले, "अगं, यात मी परीच्याच अंगावर धावून जातोय!"

केतकी म्हणाली, "मी फक्त राक्षस काढला, मालक. तो गेल्यावर दुसरा दिसायला लागला, त्याला मी काय करू?"