अकराव्या पायरीवर बसलेली भोईण

काळ कोणता ते मला विचारू नका. गोष्ट इतकी जुनी आहे की आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. एका नदीकाठी भोयांची वस्ती होती आणि त्या वस्तीत धुरपा नावाची भोईण राहायची. अंगानं काटकुळी, पण एकदा हट्टाला पेटली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

वस्तीच्या बाजूला, नदीला लागूनच एक खोलगट, शांत पाणी होतं. भोई त्याला माहेर म्हणत. पावसाळ्यात नदी चढली की तिचं पाणी एका अरुंद तोंडातून या माहेरात शिरायचं आणि त्याच्याबरोबर पोटुशा मासोळ्या यायच्या. बाहेर नदीला ओढ, आत मात्र पाणी संथ. तिथल्या गवतात त्या अंडी घालायच्या, पिल्लं बोटाएवढी व्हायची आणि पाणी उतरताना नदीत निघून जायची. तोवर माहेरात कुणी जाळं टाकायचं नाही, असा वस्तीचा कडक नेम होता.

त्या देशीच्या राजाला मात्र नदीचं हे चढणं-उतरणं खपेना. त्यानं हौसेनं नवा घाट बांधला होता आणि पाणी ओसरलं की पायऱ्यांवर गाळ राहायचा. नावेतून उतरताना राणीसरकारांचे पाय चिखलानं भरायचे. मग काय, त्यानं नदीच्या वरच्या अंगाला बंधारा घातला आणि हुकूम सोडला, "पाणी बारा महिने वरून अकराव्या पायरीलाच राहिलं पाहिजे!"

घाट लख्ख राहिला, पण अकराव्या पायरीचं पाणी माहेराच्या तोंडाशी पोचेना. दोन पावसाळे मासोळ्या बाहेर घुटमळल्या आणि निघून गेल्या. हळूहळू जाळी रिकामी यायला लागली.

"यंदाही पिल्लं दिसली नाहीत, तर घटस्थापनेला वस्ती उठवायची," भोयांनी ठरवलं.

"चार पिढ्या इथं गेल्या. मी नाही उठायची," धुरपा म्हणाली.

"अगं, मग खायचं काय? वाळू?" नवरा चिडून म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. धुरपानं पदर खोचला आणि तडक राजवाडा गाठला.

"महाराज, आमच्या माहेराला पाणी द्या," ती म्हणाली.

राजा काही वाईट नव्हता, हं. उलट दिलदार होता, आणि तिथंच तर घोळ झाला. त्यानं बंधाऱ्याचा राखणदार रायाजी याला बोलावलं आणि सांगितलं, "सगळी दारं उघड! आमच्या राज्यात कुणी पाणी मागावं आणि ते कमी पडावं? छे!"

नदी फुगली ती थेट तिसऱ्या पायरीला भिडली. मासोळ्या माहेरात शिरल्या, अंडी घातली, पण त्यांच्यामागून नदीची धारही घुसली. माहेराचीच नदी झाली. गवताला चिकटलेली अंडी धुरपाच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ती काठावर मटकन बसली आणि ढसाढसा रडली.

पण रडता रडताही तिचं लक्ष पाण्याकडे होतं. रायाजीनं दारं लावली, पाणी उतरू लागलं. ते पाचव्या पायरीला आलं तेव्हा तिनं माहेराच्या तोंडाशी एक पान टाकलं. पान ओढलं गेलं. सातव्या पायरीला टाकलेलं पान मात्र जागच्या जागी डुलत राहिलं आणि तोंडाशी पाणी वीतभर होतं. आठव्या पायरीला तोंड उघडं पडलं.

श्रावण लागला. उशिराच्या मासोळ्या तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या. धुरपा पुन्हा राजापुढे उभी राहिली.

"आता आणखी काय?" राजा वैतागला. "मागितलंस तेवढं दिलं. त्याहून जास्तच दिलं!"

"जास्त दिलंत तेच नडलं, महाराज. आणि चूक माझीही आहे. किती हवं ते मी सांगितलंच नाही. सातवी पायरी हवी. सहावी नको, आठवी नको."

रायाजी हसला. "बाई, बंधाऱ्याची दारं आहेत ती. दुधाचं माप आहे होय?"

धुरपा तिथून तडक निघाली. घाटावर गेली आणि अकराव्या पायरीवर पाण्यात मांडी घालून बसली. राजा आणि मागोमाग रायाजी धावत आले. "ऊठ!"

"उठणार नाही. पाणी सातवीला आलं की माझ्या गळ्याशी येईल. तिथं थांबवा. आठवीला थांबलं तर मी इथंच बसून राहीन, सहावीला गेलं तर बुडेन."

आता मात्र रायाजी बंधाऱ्याकडे पळत सुटला. त्यानं एकच दार बोटभर उघडलं, थांबला, पुन्हा बोटभर उघडलं. घाटावरून राजा स्वतः ओरडून सांगत होता, "कमरेला आलं! छातीला आलं! सावकाश रे, सावकाश!" पाणी गळ्याला टेकलं आणि राजानं जिवाच्या आकांतानं हाक दिली, "बस्स! थांब!"

नदी सातव्या पायरीला थांबली.

धुरपा निथळत उठली आणि राजाला माहेराच्या तोंडाशी घेऊन गेली. पाणी आरशासारखं स्तब्ध होतं. एक मासोळी आली, मग दुसरी, मग झुंडच्या झुंड आत सरकली. राजा कितीतरी वेळ बघत राहिला.

"आता पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत हीच पायरी," धुरपा म्हणाली. "मग रोज बोटभर, असं सावकाश पाणी खाली उतरवा."

भादवा सरता सरता धुरपानं सांगितल्याप्रमाणे रायाजीनं पाणी उतरवलं. माहेराच्या अरुंद तोंडातून हजारो पिल्लं सुळसुळत नदीत शिरली आणि सगळी वस्ती काठावर उभी राहून आनंदानं ओरडली. घटस्थापना आली नि गेली, एकही घर उठलं नाही.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: देणं नुसतं मोठं असून भागत नाही, ते घेणाऱ्याच्या गरजेच्या मापाचं असावं लागतं.