उलट्या पावलांनी वळलेला दोर

फार पूर्वी वेणुतट नगरात भद्रसेन राजाचा अंमल होता, तेव्हा बोधिसत्त्व दोर वळणाऱ्यांच्या घराण्यात जन्माला आले होते. धर्मिल हे त्यांचं नाव. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नदीकाठच्या वडांखाली चाक फिरवायला ते रोज सकाळी हजर.

त्यांच्या हाताखाली वसुला नावाची बाई काम करी. तिचा नवरा नावाडी होता. त्या नदीला ओढ भारी, म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोरखंड ताणलेला असे आणि त्याला धरूनच नाव पलीकडे जाई. एके दिवशी तो जुना दोरखंड तुटला. नावाड्याने उतारूंना एकेक करून काठाला लावलं आणि स्वतः मात्र वाहून गेला. तेव्हापासून नाव बंद. वसुलाची एकुलती एक लेक नंदिला पलीकडच्या गावात दिलेली. पहिलटकरीण, घरात ना सासू ना नणंद, आणि पुढच्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास दिवस भरणार. नवा दोर झाला तरच आई लेकीपाशी पोचणार होती. म्हणून सुतक फिटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वसुला कामावर आली.

दोर वळायची रीत अशी, की एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने कमरेला तागाचा पुंजका बांधून, त्यातून धागे सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. तोंड झालेल्या कामाकडे, पाठ राहिलेल्या वाटेकडे. असं दिवसभर चालून एक पेड होतो. चाळीस पेड झाले की ते एकत्र वळायचे, मग नदीला पुरेल असा दोरखंड होतो. आता तुम्ही म्हणाल, चालता चालता जरा मान वळवून पाहिलं तर काय बिघडलं? अहो, सगळंच बिघडतं! मान वळली की हात ढिला पडतो आणि तेवढ्या जागी पेड कच्चा राहतो.

पंचवीस पेड झाले आणि वसुलाला ही खोड लागली. दहा पावलं गेली की मागे बघायची. अजून केवढी वाट! अजून किती पेड! तिकडे पोरीचं काय झालं असेल? धर्मिल रोज संध्याकाळी पेड हातातून फिरवून बघत. लागोपाठ तीन दिवसांचे तीन पेड त्यांनी बाजूला टाकले.

चौथ्या दिवशी राजाचे अमात्य पाहणीला आले. टाकलेले पेड बघून त्यांचा पारा चढला.

"धर्मिला, ही बाई रडत बसणार आणि राजाची नाव अडकून पडणार! हिला घरी बसव, एखादा दांडगा गडी लाव. पौर्णिमेच्या आत दोर दिलास तर राज्यातल्या सगळ्या दोरकामाचा मुख्य तुलाच करतो."

"मुख्यपण राहू द्या, अमात्य," धर्मिल म्हणाले. "नव्या गड्याचा हात बसेपर्यंत पौर्णिमा उलटून जाईल. आणि जिची लेक पलीकडे आहे तिच्याइतका घट्ट पीळ कोण घालणार? दोर हीच वळेल."

अमात्य नाक मुरडून निघून गेले. वसुलाने सगळं ऐकलं होतं. कमरेचा पुंजका सोडून ती खालीच बसली.

"काका, त्यांचं खरं आहे. मला नाही हो जमत. डोळ्यांपुढे नुसतं राहिलेलंच दिसतं."

धर्मिलांनी तिला मांडवात नेलं. तिथे सगळे पेड खुंट्यांना टांगलेले होते. "डोळे मीट," ते म्हणाले, "आणि हाताने चाचपून मला यातला सगळ्यात चांगला पेड काढून दे."

वसुला एकेक पेड बोटांतून सोडत गेली. हा बरा. हा थोडा खरबरीत. मग एका पेडावर तिचा हात थांबला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, घट्ट, कुठे कच्चेपणा म्हणून नाही.

"हा माझा नव्हे. हा तुमच्या हातचा असणार, काका."

"मी तर चाकावर होतो. टोकाची गाठ बघ."

दिवस कळावा म्हणून पेडाच्या टोकाला गाठी मारायची पद्धत होती. वसुलाने डोळे उघडले. गाठ एकच होती. तो पहिल्या दिवसाचा पेड होता.

तिला तो दिवस आठवला. त्या दिवशी मागे वळून बघायचंसुद्धा बळ नव्हतं अंगात. एकेक पाऊल टाकलं, एवढंच. सकाळी शेजारणीने दम देऊन पेज भरवली होती. पुंजका बांधता येईना म्हणून कुणा बाईने तो कमरेला बांधून दिला होता. तिचं नावही वसुलाने विचारलं नव्हतं. आणि काकांनी चाक इतकं सावकाश फिरवलं होतं, की तिच्या पावलाआधी पीळ कधी पडलाच नाही.

"काका," ती रडतच म्हणाली, "मला वाटत होतं, त्या दिवशी मला कुणीच नव्हतं."

"वाट राहिली आहे हे खरंच आहे, पोरी. पण ते पाठीला कळू दे. डोळ्यांना हे झालेलं दाखव."

वसुलाने डोळे पुसले, पुंजका बांधला आणि चालू लागली. तोंड पुढे, पावलं मागे. वाईट दिवस त्यानंतरही आले, नाही असं नाही. पण एकही पेड टाकावा लागला नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोरखंड नदीवर ताणला गेला आणि पहिल्याच नावेने वसुला पलीकडे गेली.

नंदिला कालपासून कळा देत होती. जवळ बाईमाणूस कुणीच नाही. आईला बघताच तिने हात घट्ट धरला आणि कळवळून विचारलं, "आई, अजून किती राहिलं गं?"

"ते बघू नकोस, बाळा. माझ्याकडे बघ. केवढं पार करून आलीस तू! मी बघतेय ना."

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आजी, आई, नात, तिघीही सुखरूप.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली ती एका भिक्षुणीला. साधनेला कंटाळून, "अजून किती चालायचं?" असं म्हणत ती आपलं चीवर, भिक्षुणीपणाचं वस्त्र, परत करायला आली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची वसुला म्हणजे तूच. नंदिला म्हणजे तुझ्या शेजारी बसून मघापासून डोळे पुसते आहे ती तुझी सखी. अमात्य म्हणजे 'जाऊ द्या हिला' असं सांगायला सकाळी माझ्याकडे आलेले भिक्षू. नाव घेत नाही, त्यांचं त्यांना कळलं आहे. आणि चाकावरचा म्हातारा मी होतो."

भिक्षुणीने चीवर पुन्हा खांद्यावर घेतलं आणि सखीचा हात धरला. झालेलं आणि आपल्यासाठी कुणी कुणी केलेलं न विसरणं, या गुणाला जाणती माणसं कृतज्ञता म्हणतात.