पैलतीरावरून पाहिलेली लढाई

एकदा एका राज्यात वृद्ध राजाचे निधन झाले आणि सिंहासनासाठी त्याच्या दोन पुत्रांमध्ये युद्ध पेटले. थोरल्याचा सेनापती अरिंजय आणि धाकट्याचा सेनापती देवरात. दोघेही एकाच आचार्यांचे शिष्य, एकाच आश्रमात लहानाचे मोठे झालेले. परचक्र येते तेव्हा सारे राज्य एका बाजूला उभे राहते. इथे मात्र गावागावांत दोन बाजू झाल्या, आणि काही घरांतही.

पहिल्या वर्षी देवराताने उत्तरेची खिंड रोखून अरिंजयाला माघार घ्यायला लावली. पुढच्या वर्षी अरिंजयाने देवराताच्या ताब्यातल्या राजधानीला वेढा घातला. आतले धान्य संपले, माणसे उपासमारीने मरू लागली, तेव्हा दरवाजे उघडले गेले. देवरात उरलेली फौज घेऊन दक्षिणेकडे निसटला. शेवटची गाठ नदीकाठी पडली. अरिंजयाने नदी ओलांडून हल्ला चढवला आणि संध्याकाळच्या आत सारे संपले. देवरात पैलतीरावरच पडला.

थोरला राजपुत्र गादीवर बसला. पकडलेल्या सैनिकांचे काय करायचे, हे त्याने अरिंजयावर सोपवले. अरिंजयाने ठरवले, की नदीकाठी विजयस्तंभाची पायाभरणी करायची आणि त्याच दिवशी कैद्यांना देहदंड द्यायचा. आशीर्वादासाठी त्याने आचार्यांना निमंत्रण धाडले.

आचार्यांचा आश्रम दक्षिणेच्या डोंगरापलीकडे होता. ते डोंगर उतरून नदीपर्यंत आले आणि पैलतीरावरच थांबले. त्यांच्यासाठी सजवलेली नाव गेली, ती रिकामी परतली. नावाड्याने निरोप आणला, “ते म्हणतात, सेनापतींनीच इकडे यावे.”

अरिंजय गेला. त्याने चरणांना स्पर्श केला. आचार्यांनी त्याला उठवले, पण आशीर्वाद दिला नाही.

“लढाई कशी झाली ते मला सांग,” ते म्हणाले. “पण इथे उभा राहून सांग. देवरात होता त्या जागेवरून.”

“आचार्य, मी तर त्या तीरावर होतो.”

“म्हणून तर.”

अरिंजयाला हे विचित्र वाटले, पण आज्ञा मोडवेना. तो नदीकडे तोंड करून बोलू लागला. “समोरच्या तीरावर अरिंजयाची फौज आहे. आपल्या तिप्पट. पाणी उथळ आहे, त्यामुळे ती फार वेळ थोपवता येणार नाही. शहाण्या सेनापतीने पहाटेच डोंगरात शिरावे. पण देवरात हलला नाही.”

“का?”

“त्याला कुमक यायची असावी. त्याने दूत पाठवला होता, की सूर्यास्तापर्यंत थांब, मग मी शस्त्रे खाली ठेवतो. दुबळ्याने वेळ काढावा, हे आपणच आम्हाला शिकवले होते. मी तो डाव ओळखला आणि दुपारीच निघालो.”

“आता मागे वळून बघ.”

अरिंजय वळला. समोरच्या तीरावरून इथली फक्त दाट झाडी दिसत असे. त्या झाडीमागून एक अरुंद पायवाट डोंगर चढत होती. वाटेवर फुटलेली मडकी होती, चाक निखळलेली गाडी होती, एक उलटा पडलेला पाळणा होता.

“इथून गेलेली माणसे कोण होती?” त्याने विचारले.

“या काठच्या गावांतली. राजधानीच्या वेढ्यात काय झाले ते त्यांनी ऐकले होते. तुझी फौज येते म्हणताच म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, सगळी वर चढू लागली. सूर्यास्तापर्यंत ती डोंगरापलीकडे पोचली असती. पोचली ती माझ्याकडे आली. बाकीची वाटेतच तुझ्या स्वारांना सापडली.”

अरिंजयाने जाऊन तो पाळणा सरळ केला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे तो खरोखर शस्त्रे ठेवणार होता.”

“आश्रमात तो कधी तुझ्याशी खोटे बोलला होता?”

“नाही. माझ्या चुकीचा मारही त्याने खाल्ला होता. पण खोटे बोलला नाही.”

“मग त्या दिवशी त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवला नाहीस?”

“तो शत्रू होता.”

आचार्य खाली बसले. त्यांचा आवाज थकलेला होता. “परक्याशी लढताना समोरचा कोण, कसा, हे ठाऊक नसते. म्हणून त्याच्याविषयी वाईट गृहीत धरावे लागते. घरच्या युद्धात समोरच्याला आपण जन्मभर ओळखत असतो, आणि पहिला बाण सुटताच ती ओळख टाकून देतो. तू म्हणतोस, मी डाव ओळखला. डाव नव्हताच, अरिंजया. तिथे देवरात होता, आणि त्याला मात्र तू ओळखले नाहीस.”

“आता मी काय करू?”

“त्याला परत आणणे तुझ्या हाती नाही, माझ्याही नाही. जे अजून जिवंत आहेत, त्यांचे बघ.”

अरिंजय नदी ओलांडून परतला. पायाभरणीसाठी जमलेल्या गवंड्यांना त्याने घरी पाठवले. मग तो कैद्यांच्या कुंपणापाशी गेला आणि त्याने स्वतः अडसर काढला.

“आपापल्या गावी जा,” तो म्हणाला.

कुणी पटकन हलेना. अखेर एक प्रौढ सैनिक पुढे आला. त्याच्या दंडावरची जखम अजून ओली होती. त्याने शांतपणे विचारले, “सेनापती, आमच्या देवरातांचा निरोप तुम्हाला त्या दिवशी मिळालाच नव्हता का?”

मिळाला नव्हता, असे म्हणणे सोपे होते. दूत लढाईत मारला गेला होता, विचारणार कुणाला?

“मिळाला होता,” अरिंजय म्हणाला, आणि त्यांना वाट देण्यासाठी मान खाली घालून बाजूला झाला.